तिसरं पाणी

माझी मावशी कोंब चाखायची. पोटासाठी माणसं काय काय करतात, त्यातलंच हे एक. बांबूच्या बेटातून सकाळी कोवळे कोंब खणून आणायचे, सोलायचे, चिरायचे, मोठ्या पातेल्यात उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात पुन्हा उकळायचे आणि मग मावशीसमोर पळी धरायची. मावशी पळीतली एक फोड बोटांत घेऊन दाबणार, पाणी जिभेच्या शेंड्यावर घेणार, डोळे मिटणार, बाजूला थुंकणार आणि दोनपैकी एक शब्द बोलणार. ‘अजून’ किंवा ‘झालं’. ‘अजून’ म्हणाली की पाणी बदला. ‘झालं’ म्हणाली की माल बरण्यांत भरा. त्यावर अपील नाही. म्हणून आमच्या कामाच्या शेडमध्ये सगळे तिला जजबाई म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

कच्च्या कोंबात विष असतं हे सांगितलं की लोक दचकतात. मला त्यांच्या दचकण्याची गंमत वाटायची. आमच्यासाठी त्यात नवल ते काय? विष कडू असतं, उकळलं की वाफेबरोबर आणि पाण्याबरोबर निघून जातं, आणि निघून गेलं की नाही ते मावशीची जीभ सांगायची. पातेल्यावर झाकण तेवढं ठेवायचं नाही. एकदा कामावर नव्याने आलेल्या बाईने पाणी लवकर उकळावं म्हणून झाकण ठेवलं, तर मावशी झारा घेऊन तिच्या मागे थेट फाटकापर्यंत गेली होती. ‘सगळ्यांना मारतेस का गं?’ असं ओरडत. ती बाई आजही झाकण दिसलं की हात मागे घेते.

या जिभेची कीर्ती फार जुनी. आई आणि मावशी लहान असताना एकदा घरात घाईघाईने कोंब शिजले. सगळे जेवायला बसले. मावशी तेव्हा एवढीशी, नीट बोलताही येत नव्हतं. तिने पहिला घास तोंडात घेतला, थुंकला आणि भोकाड पसरलं. काही केल्या खाईना. लाडावलीये म्हणून तिला एक फटकाही बसला. संध्याकाळपर्यंत ती एकटी सोडून सगळं घर आडवं झालं होतं, कोणी ओकतंय, कोणाचं डोकं फुटतंय. आई सांगते, ‘त्या दिवसापासून मी ठरवलं, ही थुंकेल ते खायचं नाही आणि ही गिळेल ते बिनघोर खायचं.’ आईने हा नियम जन्मभर पाळला. आम्ही सगळे हसायचो, पण पाळायचो.

नुसती जीभच नाही, कोंबाचं वयही तिला बघताक्षणी कळतं. जमिनीला नुसती भेग पडलेली दिसली की ही पहार घेऊन हजर. अजून उजेड न पाहिलेला कोंब तिच्या लेखी सगळ्यात मोलाचा. वीतभर वर आलेला चालेल. गुडघ्याएवढा झाला की खालचा अर्धा भाग गुरांना घालायचा, कारण त्याचा नुसता चोथा होतो. आणि कमरेएवढा गेला की मावशी हात जोडते. ‘हा आता बांबू झाला, याची शिडी करा.’ कापून ठेवलेला कोंबसुद्धा बुडापासून राठ होत जातो, म्हणून सकाळी खणलेला माल दुपारच्या आत पातेल्यात गेलाच पाहिजे, नाहीतर तिचं तोंड सुरू. तोंड आमच्या घराण्यातच आहे. माझंही काही कमी नाही, हे पुढे दिसेलच.

मावशीचे यजमान, आमचे काका, चूल सांभाळतात. हा माणूस इतका कमी बोलतो की नवीन कामगारांना आठवडाभर ते मुके वाटतात. त्यांची एक खोड मला भयंकर खुपायची. मावशीने ‘झालं’ म्हटलं, आम्ही बरण्या पुसून तयार, आणि हे हळूच पातेल्यातलं पाणी ओतून नवं पाणी घालणार. विचारलं की म्हणणार, ‘निखारा फुकट जातोय.’ मग पुन्हा उकळी येईपर्यंत आम्ही हात बांधून उभ्या. मी त्यांना तोंडावर म्हणायची, ‘काका, तुमच्या निखाऱ्यापायी आमचा दिवस जातो.’ ते हसायचे आणि लाकूड पुढे सरकवायचे. आईचा डबाही तेच भरायचे.

हा डबा म्हणजे काय ते सांगते. माझी आई मावशीची थोरली बहीण, माझ्याकडेच असते, शेडपासून दोन गल्ल्या पलीकडे. तिच्या तोंडात आता एकही दात नाही आणि कवळी तिला सहन होत नाही. म्हणून रोजच्या मालातले सगळ्यात कोवळे शेंडे बाजूला काढून, मीठ घालून लोण्यासारखे घोटून, मावशी चहाच्या सुट्टीत स्वतः नेऊन देते. शेंडेच द्यायचे, बुडाकडचं नाही. ‘ताईच्या हिरड्यांना टोचायला नको.’ दोघी दहा मिनिटं खिडकीशी बसणार, एकमेकींच्या तब्येतीची उणीदुणी काढणार आणि मावशी परत येणार. एवढं त्यांचं सुख.

या हंगामात कुठल्याशा संशोधन संस्थेतून एक बाई यायला लागल्या. तरुण, उंच, गळ्यात चष्मा, आणि पिशवीत कायम काचेच्या लहान बाटल्या किणकिणत असायच्या. शेडने त्यांचं नाव बाटलीबाई ठेवून टाकलं. त्यांचा अभ्यास याच गोष्टीचा, की कोंब वाढत जातो तसं त्याच्या आत काय काय बदलतं. भेगेतला, वीतभर, गुडघाभर, कमरेएवढा, असे निरनिराळ्या वयाचे कोंब त्या घेऊन जायच्या. बाई मोठ्या गोड. गर्व नाही, आमच्याबरोबर पाटावर बसून कोंब सोलायच्या आणि सालीवरची कुसळं टोचली की लहान मुलीसारख्या हात झटकायच्या.

एकदा मी विचारलं, ‘काय निघालं मग तुमच्या बाटल्यांतून?’

‘मजा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कोंब जितका कोवळा, तितकं त्यात अंगाला लागणारं जास्त. प्रथिनं, क्षार, सगळं. वाढला की ते कमी होत जातं आणि चोथा वाढतो. पण या तुमच्या जातीत विषाचंही तसंच आहे. सगळ्यात जास्त कोवळ्यात, त्यातही शेंड्यात. म्हणजे जे सगळ्यात चांगलं, तेच सगळ्यात वाईट.’

‘हे मी माझ्या भाचीला लहानपणीच शिकवलंय,’ मावशी पलीकडून म्हणाली. ‘कोवळा कोंब भारी लबाड. हाताला मऊ आणि आतून डांबरट.’

बाटलीबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ठरवलं, मावशीची जीभ आणि आपलं यंत्र यांची जोडी लावून बघायची. मावशी चाखून क्रम लावेल, यंत्र मोजून लावेल, दोन्ही जुळले की छान. मावशीने आधी आढेवेढे घेतले, काम आहे म्हणाली, डोकं दुखतंय म्हणाली. पण शेडमधल्या सगळ्या बाया मागे लागल्या. ‘जजबाई, यंत्राला हरवा!’ शेवटी तिने मान डोलावली.

ज्या दिवशी हे करायचं ठरलं होतं, त्या दिवशी काका नव्हते. त्यांची दाढ ठणकत होती, ती काढायला ते सकाळीच गेले. चूल माझ्याकडे आली. मला आनंदच झाला. मावशीने फोड दाबली, पाणी चाखलं, ‘झालं’ म्हणाली, आणि मी तत्क्षणी पाणी ओतून माल निथळत टाकला. आज निखारा वाया गेला तर जाऊ दे, म्हटलं. एरवीपेक्षा कितीतरी आधी बरण्या भरून फळीवर लागल्या. मावशीने शेंडे घोटले, डबा भरला, आईला देऊन आली. चहा झाला. मग बाटलीबाईंनी टेबलावर स्वच्छ फडकं अंथरून पांढऱ्या कपांची ओळ मांडली.

सगळ्या बाया हात पुसत गोळा झाल्या. कपांत नुसतं पाणी होतं. कच्च्या कोंबाच्या फोडी वेगवेगळ्या भिजवून, गाळून घेतलेलं. कुठल्या कपात कुठल्या वयाचा कोंब, ते कपाच्या तळाला लिहिलेलं. एका कपात साधं पाणी.

मावशी कपांकडे बघत राहिली. ‘यात फोडी कुठायत?’

‘फोडी नाहीत, मावशी. नुसतं पाणी. फक्त जिभेला लावायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही.’

‘फोड नाही तर कळणार कसं?’

मी हसून म्हटलं, ‘अगं जिभेने चाखायचंय, बोटांनी नाही. जज झालीस आणि साक्षीदार कसले मागतेस?’

सगळ्या हसल्या. मावशी नाही हसली. तिने पहिला कप उचलला, चाखला, थुंकली. ‘मोठ्या कोंबाचं.’ दुसरा. ‘वीतभर.’ तिसरा घेतला आणि जरा थांबून म्हणाली, ‘हे कडू आहे. भेगेतलं.’ चौथ्याला पुन्हा मोठा कोंब. पाचवा कप तिने जिभेला लावला, आमच्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि ठसक्यात म्हणाली, ‘हे साधं पाणी आहे. मला फसवता काय, मॅडम?’

टाळ्या पडल्या. एकीने तर शिट्टी मारली. बाटलीबाईंनी हसत हसत पाचवा कप वर उचलून खालून तळ वाचला आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी तिसऱ्या कपाचा तळ वाचला. मग दोन्ही कप अगदी हळू खाली ठेवले.

‘पुन्हा एकदा घेऊ या का, मावशी?’

‘एकदा निकाल दिला की दिला.’

मी मध्ये घुसले, मला कुठे राहवतं. पाचवा कप उचलला आणि तळाशी राहिलेला थेंब जिभेला लावला. बाप रे! तोंड असं कडूजहर झालं की डोळ्यांतून पाणी आलं. मी थू थू करत नळाकडे धावले. चूळ भरून वळले तर बाटलीबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘तो भेगेतल्या कोंबाचा शेंडा होता. तिसऱ्या कपात साधं पाणी.’

मला आधी वाटलं, मावशी चेष्टा करतेय. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती कपाकडे बघतच नव्हती. माझ्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे बघत होती, टक लावून, जणू चव तिथून वाचता येईल.

‘मावशी, तुला हे कडू नाही लागलं?’

‘जीभ जरा जड आहे आज.’

‘आज?’

तिने पदराला हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. ‘ताप येऊन गेला ना मला मोठा. तेव्हापासून जरा...’

‘तो ताप दोन वर्षांपूर्वी आला होता!’

मी खरं सांगते, त्या क्षणी कोणी मला सांगितलं असतं की बांबूचं बेट रात्रीतून उठून चालायला लागलं, तर मी मानलं असतं, पण हे नाही. जिच्या एका शब्दावर आम्ही जेवलो, माल विकला, पोरांना वाढलं, तिला चवच लागत नव्हती. दोन वर्षं. मी फळीवरच्या बरण्यांकडे पाहिलं. बरं, त्या अजून इथेच आहेत, उघडता येतील, पुन्हा उकळता येतील. एवढं मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरं.

‘डबा,’ मी म्हटलं.

मावशी उभी होती तिथेच खाली बसली. पाट नाही, काही नाही, ओल्या फरशीवर.

बाटलीबाईंनी गाडीची किल्ली आधीच हातात घेतली होती. दोन गल्ल्यांचं अंतर ते किती, पण वाटेत एक हातगाडी आडवी आली तेव्हा मी काच खाली करून त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात शिरले तर आई खिडकीशी खुर्चीत बसलेली. डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला.

‘आई, खाल्लंस?’

‘खाल्लं की.’

‘सगळं?’

‘अगं सगळं. काय झालं? एवढी धापा का टाकतेस?’

‘कडू नव्हतं?’

आईने पदराने ओठ पुसले. मग म्हणाली, ‘होतं. आज फारच होतं.’

‘मग खाल्लंस कशाला? थुंकायचं ना!’ मी ओरडलेच.

‘तिने चाखलेलं होतं,’ आई म्हणाली. ‘मला वाटलं, माझंच तोंड बिघडलं असेल म्हातारपणी.’ आणि कपाळावर हात ठेवून, ‘जरा गरगरतंय मात्र. खिडकी उघडतेस का?’

खिडकी उघडीच होती. तिच्या कपाळाला घाम सुटला होता आणि श्वास लहान लहान, भराभर चालला होता. मी तिला उचललं. माझ्या आईला मी कधी उचललेलं नव्हतं. ती इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि का कोण जाणे, त्याचाच मला फार राग आला.

दवाखान्यात बाटलीबाईंनी सगळी सूत्रं हाती घेतली. विष कुठलं, कशातून गेलं, पोटात जाऊन साधारण किती वेळ झाला, हे त्यांनी डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगितलं. त्या नसत्या तर मी तिथे नुसती किंचाळत बसले असते. डॉक्टरांनी लगेच नाकावर प्राणवायू लावला, शिरेत सुई घातली. आई ओकली. पुन्हा ओकली. मी तिच्या पायाशी उभी राहून तिचं पाऊल घट्ट धरून ठेवलं होतं, सोडलं तर जाईल म्हणून.

तेवढ्यात मावशी आली. अनवाणी. चिरलेल्या कोंबाचे पापुद्रे साडीला तसेच चिकटलेले.

डॉक्टर विचारत होते, ‘शिजवलं किती होतं? पाणी किती वेळा बदललं?’

‘दोन पाणी,’ मी म्हटलं.

‘चाखलं होतं कोणी?’

‘मी,’ मावशी म्हणाली.

‘कडूपणा किती होता? थोडा की जास्त? मला अंदाज हवाय.’

आयुष्यभर मावशीने या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलेलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिचा खालचा ओठ हलला, थांबला, पुन्हा हलला.

‘मला ठाऊक नाही,’ ती म्हणाली. ‘मला चव लागत नाही. कडू नाही, खारट नाही, काहीच नाही.’

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कामाला लागले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. माझा मात्र तोल गेला. मी तिला बाहेर बाकावर नेलं आणि जे सुचेल ते बोलले. अशी कशी तू, लाज नाही वाटली, जजबाई म्हणवून घेतेस, स्वतःच्या बहिणीला विष घालतेस. ती ऐकत होती. मी दमून थांबले तेव्हा म्हणाली, ‘बोटांना कळायचं गं. फोड दाबली की कळायचं, शिजली का नाही. पहिल्यांदा भीती वाटली होती. मग दोन वर्षं कोणाला काही झालं नाही. मला वाटलं, बोटं खरं सांगतात. जीभ गेली तरी चालतंय.’

बाटलीबाई शेजारी उभ्या होत्या. त्या खाली बसल्या, मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘मावशी, कोवळा शेंडा पहिल्याच उकळीला मऊ पडतो. पण मऊ पडला म्हणजे विष गेलं असं नाही. ते त्यातच सगळ्यात जास्त. जून फोड उशिरा मऊ पडते, आणि तिच्यात मुळात कमी असतं.’

‘म्हणजे बोटांना शेंडा आधी झालेला वाटायचा.’

‘हो.’

‘आणि मी तोच ताईला द्यायचे.’

मावशीने स्वतःची बोटं समोर धरून पाहिली. ती बोटं मी लहानपणापासून बघतेय, कोंबाच्या रसाने पिवळट झालेली. मला तिचा राग यावा की कीव, मला कळेना. पण माझ्या डोक्यात एक हिशेब बसत नव्हता. दोन वर्षं ती बोटांवर चालली, दोन वर्षं आई रोज शेंडे खात होती, मग आजच का?

याचं उत्तर तोंडात कापूस कोंबून आलं. काकांचा गाल फुगून टम्म झालेला, हनुवटीवर लाळेचा ओघळ, निरोप मिळताच दाढेवाल्याकडून परस्पर इकडेच पळत आलेले. मला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, ‘आहे. आई आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलं.’ ते भिंतीला टेकले. मग त्यांनी मला विचारलं, म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतं ‘ऊं ऊं’. शेवटी त्यांनी हात वर करून तीन बोटं दाखवली आणि चुलीवर पातेलं ओततात तसा हात वळवला.

‘नाही काका,’ मी म्हटलं. ‘आज तिसरं पाणी नाही केलं. मी लगेच काढलं.’

बोलता बोलताच मला समजलं. निखारा! दोन वर्षं रोज फुकट जाणारा निखारा! मी या माणसाला काय काय बोलले होते!

मावशी उभी राहिली. ‘तिसरं पाणी कशाला?’ ती म्हणाली. ‘अहो, मी झालं म्हटल्यावर तुम्ही पाणी कशाला बदलायचात?’

काकांनी खाली पाहिलं.

‘तुम्हाला माहीत होतं?’

त्यांनी मान डोलावली. कापूस बाजूला सारून, एकेक शब्द ओढत म्हणाले, ‘ताप उतरल्यावर. तू कच्ची फोड चावलीस. तोंड वाकडं नाही केलंस.’

मी आजवर मावशीला एवढं हादरलेलं पाहिलं नव्हतं, आईच्या खाटेपाशीसुद्धा नाही. ती त्यांच्या सुजलेल्या गालाकडे बघत होती. तिच्या बोटांनी दोन वर्षांत एकही माणूस वाचवला नव्हता. जे वाचले ते या मुखदुर्बळ माणसाने ओतून दिलेल्या पाण्यामुळे. ती झालं म्हणायची, मिरवायची, आणि हा पाठीमागे मुकाट्याने तिचा निकाल फिरवायचा. मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, ‘रक्त येतंय तुमच्या तोंडातून, कापूस नीट धरा,’ आणि पदराने त्यांची हनुवटी पुसली.

आई बचावली. चार दिवसांनी घरी आली, पहिल्यापेक्षा जास्त कटकट करत, तेव्हा मला खात्री पटली की ती ठीक आहे. शेडमध्ये बाटलीबाईंनी पिवळ्या कागदाच्या पट्ट्या आणून दिल्या. बंद बाटलीत फोडींवर ती पट्टी लटकवायची. विष असेल तर पट्टी विटकरी होते, नसेल तर पिवळीच राहते. आता निकाल पट्टी देते. शिवाय तिसरं पाणी काका उघड उघड करतात आणि कोणी कुरकुर करत नाही, मी तर नाहीच. मावशी बेटात असते. भेगा शोधते, वयानुसार कोंबांचे ढीग लावते, भेगेतल्या शेंड्यांचं पातेलं वेगळं ठेवायला लावते. त्यात तिचा हात आजही कोणी धरणार नाही. पण जजबाई म्हटलं की ती वळून बघत नाही. आम्हीही म्हणायचं सोडून दिलं.

आईकडे मात्र ती बरेच दिवस आली नाही. डबा बंद. आई रोज चहाच्या वेळेला खिडकीशी बसायची, गल्लीकडे बघायची आणि मला म्हणायची, ‘तू तिला फार बोललीस.’

‘कमीच बोलले.’

‘बोलायचं होतं तर मी बोलले असते. माझी बहीण आहे.’

मग एक दिवस मावशी आली. हातात डबा. दारातच उभी राहिली, शेजाऱ्याकडे पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखी. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती आईसमोर बसली, डबा उघडला, आणि कमरेच्या पिशवीतून पट्टी काढून आईच्या डोळ्यांपुढे धरली. पिवळीधमक.

‘बघ, ताई. तीन पाणी झालीत. वर हे.’

‘मला कागद कशाला दाखवतेस?’ आई म्हणाली.

‘माझ्यावर नको विसंबूस म्हणून.’

आईने चमचा घेतला. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती, त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत होती तशी. आईने घास हिरड्यांनी हळूहळू घोळवला आणि गिळला.

‘कडू आहे?’ मावशीने विचारलं. ‘खरं सांग हं, ताई. माझ्यासाठी गिळू नकोस.’

आईने डब्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

‘कडू नाही,’ ती म्हणाली. ‘पण मीठ फार आहे.’

‘जास्त झालं का आज?’

‘आज नाही. दोन वर्षं झाली. नुसतं खारट असतं बघ, तोंडात घालवत नाही.’

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. ‘दोन वर्षं? आणि तू रोज सगळं खायचीस?’

‘मग काय टाकून देऊ? तू एवढ्या प्रेमाने घोटून आणायचीस.’

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी. काकांना माहीत होतं. आईलाही, तिच्या परीने, माहीत होतं. एवढी तोंडाळ म्हणून मी गावभर प्रसिद्ध, आणि माझ्या घरात दोन माणसं दोन वर्षं गप्प राहून एकीची जीभ सांभाळत होती, आणि त्यापायी दुसरीचा जीव जाता जाता राहिला. मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता.

मावशीने आईच्या हातून चमचा काढून घेतला. डब्याचं झाकण लावलं आणि उठली.

‘कुठे निघालीस?’ आईने विचारलं.

‘पुन्हा घोटून आणते. बिनमिठाचे.’ दारापर्यंत गेली आणि वळली. ‘मीठ तू घाल. तुझ्या हाताने. आणि काही चुकलं तर बोलत जा गं बाई, तोंड आहे ना तुला.’

‘आहे,’ आई म्हणाली. ‘दात नाहीत फक्त.’